जागल्याला सांगितलेला आकडा

जागल्या तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा भूपाल मगदूम तीन नंबरच्या पॅनच्या काचेला नाक लावून उभा होता. जागल्या म्हणजे ओटीपोटावर चिकटवलेली, पाच रुपयांच्या नाण्याएवढी पट्टी. पण ती थरथरली की त्याला वाटायचं, सगळ्या बॉयलिंग हाऊसला ऐकू गेलं. मनगटावरच्या घड्याळाकडे त्यानं चोरून पाहिलं. चारशे ऐंशी.

"कळलं रं बाबा," तो पुटपुटला.

कळून उपयोग काय? पॅन म्हणजे दोन मजली उंच बंद भांडं. त्यातली हवा ओढून घेऊन उसाचा पाक कमी उष्णतेवर उकळायचा आणि दाट होता होता त्यात साखरेचा दाणा धरला की तो सारखा वाढवत न्यायचा. जरा ढिलाई झाली की चुरा होतो. जरा जास्त आटला की माल आतच घट्ट बसतो आणि पॅन उतरत नाही. भूपाल दर पाच मिनिटांनी नळीतून चमचाभर माल काढायचा, अंगठा आणि तर्जनीत चोळायचा, बोटं फाकवून तार बघायचा आणि आकडा बोलायचा. कृष्णाकाठच्या त्या साखर कारखान्यात अठ्ठावीस गळीत हंगाम त्याची बोटं चुकली नव्हती. आणि अठ्ठावीस हंगामांत पॅन चढल्यापासून उतरेपर्यंत त्यानं जागा सोडली नव्हती. खऱ्या पॅनमनला मध्येच लघवी लागत नाही, असं त्याच्या उस्तादानं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि भूपालनं ते मंत्रासारखं पाळलं होतं.

घड्याळात पाचशे उमटले. त्याच क्षणी समोरच्या भिंतीवरच्या फलकावर 'मगदूम भू. दा.' हे नाव लाल झालं आणि लुकलुकायला लागलं. खालच्या मजल्यावरच्या चार माणसांनी माना वर केल्या.

पाळीच्या केमिस्ट मोहिते मॅडम जिन्यानं वर आल्या. "मगदूम, जा तुम्ही. मी बघते पॅनकडे."

"वीस मिनिटांत उतरतोय, मॅडम."

"हे दुसऱ्यांदा लाल झालंय. हंगामात तीनदा झालं तर माझ्या हातात काही राहत नाही. माहितीय ना?"

त्याला चांगलं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी विमा कंपनीनं हा नियम आणला होता. उष्ण मजल्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरचं यंत्र फलकाला जोडलेलं. कुणाचा रक्तदाब, कुणाची साखर, कुणाचं आणखी काही. मर्यादा ओलांडली की नाव लाल, आणि तीनदा लाल झालं की खाली उसाच्या गाड्या वजन करायला, काट्यावर. काट्यावर बसायचं म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून गाड्यांचे नंबर वाचायचे. भूपालला त्यापेक्षा घरी बसलेलं परवडलं असतं.

पॅन उतरला तेव्हा आकडा पाचशे ऐंशीवर गेला होता. तो जिना उतरून गेला तो पळतच, आणि पळताना त्याला एवढंच दिसत होतं की सगळे आपल्याकडे बघतायत.

हे सगळं सुरू झालं दिवाळीत. भूपालचं पोट पुढं आलं, चड्डी सारखी ओलसर राहायला लागली. शालन, त्याची बायको, म्हणाली की वय झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा त्याच्याकडे वळवला आणि विचारलं, "लघवी लागल्यासारखं वाटतंय का आत्ता?" भूपाल म्हणाला, न्हाई. आत सव्वा लिटर होती.

वर्षानुवर्षं तटवून ठेवल्यानं मूत्राशय ताणून ताणून ढिलं पडलं होतं, आणि पंधरा वर्षांच्या मधुमेहानं त्याच्या नसाही बोथट केल्या होत्या. आयुष्यभर साखर केली, साखरेनंच दगा दिला. आता ती पिशवी स्वतःहून नीट रिकामी होणार नव्हती आणि भरली की सांगणारही नव्हती. भरलेलं पाणी मागं तुंबून मूत्रपिंडं सुजायला लागली होती. उपाय दोन, आणि दोन्ही एकदमच करायचे. दिवसातून पाच वेळा स्वतःच्या हातानं नळी घालून लघवी काढायची, आणि कधी काढायची ते सांगायला पोटावर पट्टी. पट्टीचं कंपनीनं ठेवलेलं नाव अवघड होतं. वॉर्डातल्या लोकांनी तिला जागल्या करून टाकलं.

नळी घालायला शिकवायला मार्था सिस्टर घरी आल्या. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, पायात कापडी बूट.

"लाजायचं असेल तर आत्ताच लाजून घ्या, मगदूमभाऊ. पाच मिनिटं देते. मग कामाला लागू."

भूपालनं पाचच्या पाच मिनिटं वापरली. मग मोरीत उभं राहून साबणानं हात धुतले, पुसले, पाकीट फोडलं. पेनाच्या रिफिलीपेक्षा थोडी जाड, हातभर लांब, बुळबुळीत नळी हातात आली.

"एका हातानं वर सरळ धरा. दुसऱ्या हातानं नळी सावकाश आत. हां. थोडं चुरचुरेल."

"अडकली."

"तिथं अडकतेच. तिथं आतला दरवाजा आहे. ढकलायचं नाही. थांबा, मोठा श्वास घ्या, सोडा. दरवाजा आपोआप सैल होतो. जबरदस्ती केलीत तर रक्त येईल आणि माझ्या शिव्याही खाल."

तो थांबला. घामानं डबडबला होता. मग बोटांना जाणवलं की समोरचा अडसर किंचित मऊ झालाय, जसा पॅनमधल्या पाकात दाणा बसायच्या आधी बोटांना जाणवतो. त्यानं अगदी हलकेच नळी पुढं सरकवली. खालच्या मापाच्या भांड्यात धार लागली.

"लघवी आली की आणखी थोडी पुढं. संपली की सावकाश बाहेर, आणि बाहेर काढताना पुन्हा धार आली तर थांबायचं." सिस्टरांनी भांडं उजेडात धरलं. "पहिल्याच खेपेला जमलं. लोकांना आठवडा लागतो."

"बोटांचंच काम हाय माझं," भूपाल म्हणाला, आणि गेल्या महिनाभरात पहिल्यांदा हसला.

मग सिस्टरांनी पट्टीचं सांगितलं, शालनला शेजारी बसवून. पट्टी आवाजाच्या इतक्या बारीक लाटा पोटात सोडते की माणसाच्या कानाला त्या ऐकू येत नाहीत. मूत्राशयाच्या पुढच्या भिंतीवरून एक पडसाद परत येतो, मागच्या भिंतीवरून दुसरा. त्या दोहोंतल्या अंतरावरून ती आतलं पाणी ताडते. पण प्रत्येकाच्या पोटाची ठेवण वेगळी, चरबी वेगळी; म्हणून नुसतं ताडलेलं चुकतं. तिला शिकवावं लागतं. दर वेळी नळीनं काढलेली लघवी भांड्यात मोजायची आणि आकडा घड्याळात बोलायचा. पट्टी आपला अंदाज आणि तुमचा आकडा शेजारी शेजारी ठेवते आणि स्वतःला दुरुस्त करते. साठ-सत्तर आकड्यांनंतर ती त्या माणसाचं पोट ओळखते.

"आणि आकडा चुकला तर?" शालननं विचारलं.

"चुकलेलंच शिकते. तिला डोळे नाहीत, बाई. तुम्ही सांगाल ते तिच्यासाठी खरं. चारशे मिलीच्या आत रिकामं करायचं, पाचशेच्या पुढं कधीच जाऊ द्यायचं नाही. आणि भाऊ, पाणी कमी प्यायचं नाही."

हॉस्पिटलची आणखी एक अट होती. पट्टीचा आकडा घरातल्या एका माणसाच्या फोनवर दिसलाच पाहिजे. तो माणूस म्हणजे शालन.

शालन गावच्या दूध संकलन केंद्रावर होती. सकाळ-संध्याकाळ दीडशे माणसं किटल्या घेऊन यायची. ती दूध ओतून घ्यायची, लिटर आणि फॅट मोठ्यानं वाचायची, आणि समोरचा माणूस 'बरोबर' म्हणाल्याशिवाय बटण दाबायची नाही. मग समोर सरपंच असो की तिचा सख्खा भाऊ. अकरा वर्षांत तिच्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. अशा बाईच्या हातात नवऱ्याच्या पोटाचं माप आलं, तेव्हा तिनं ते तितक्याच इमानानं सांभाळलं, हेच भूपालचं दुखणं झालं.

"अहो, चारशे दहा झालंय. जावा की आता." पाळी चालू असताना फोन.

"पॅन चढलाय."

"पॅनला कळतंय का तुमचं पोट? जावा."

कधी केंद्रावर बायकांच्या रांगेत तिचा फोन वाजायचा आणि कुणीतरी विचारायचं, काय वो शालनकाकी, कुणाचा? आणि ती सरळ सांगायची, ह्यांच्या लघवीचा. तिला त्यात काही वाटायचं नाही. त्याला ते कळलं त्या दिवशी तो जेवला नाही. पन्नास वर्षं जी गोष्ट दार लावून केली, तिचा आकडा आता भिंतीवर, बायकोच्या फोनवर आणि दुधाच्या रांगेत. घरात असला की तो या खोलीतून त्या खोलीत जायचा, उंबऱ्यात उभा राहायचा, परत यायचा. शालन म्हणायची, बसा की जरा. बसला की पाय हलत राहायचा.

आणि दुसऱ्यांदा लाल झालं त्या संध्याकाळी, जिना पळत उतरून गेल्यावर, त्यानं ते केलं.

भांड्यात पाचशे ऐंशी होते. त्यानं दार नीट लागलंय का पाहिलं, घड्याळ तोंडाजवळ आणलं आणि म्हणाला, "तीनशे नव्वद."

सोपं होतं. जिभेवर आकडा आपोआप आला, कारण पॅनवरही तेच चालायचं. बॉयलिंग हाऊसची ती जुनी पद्धत होती. माल ब्याण्णवच्या दाटीला आला की पॅन उतरवायचा असा नियम. पण पॅनमनला दाणा आणखी थोडा वाढवायचा असायचा, म्हणून ब्याण्णव झालं की तो 'नव्वद' बोलायचा आणि पाचेक मिनिटं मिळवायचा. केमिस्टलाही हे ठाऊक. त्या ऐकायच्या नव्वद, लिहायच्या नव्वद, मनात धरायच्या ब्याण्णव. उस्तादाच्या उस्तादापासून हे असंच चालत आलं होतं. कुणी कुणाला फसवत नव्हतं, कारण दोन्हीकडे माणसं होती.

जागल्या माणूस नव्हता. भूपालच्या हे डोक्यातच आलं नाही. त्याला वाटलं, यंत्राला थोडं कमी सांगितलं की यंत्र थोडं कमी बोंबलेल.

मग तो रोजच तिसरा हिस्सा उडवून सांगायला लागला. सहाशे निघाली तर चारशे. साडेचारशे निघाली तर तीनशे. पंधरा दिवसांत पट्टी गप्प झाली. आठ तासांच्या पाळीत एकदाही थरथरायची नाही. फलकावर नाव हिरवंगार. शालनच्या फोनवर दोनशे ऐंशी, तीनशे वीस असे गोंडस आकडे यायला लागले आणि तिनं गुरुवारी शेजाऱ्यांना पेढे वाटले.

"सुधारणा हाय म्हणतीय पट्टी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी लई भ्याले होते वो."

भूपालनं पेढा तोंडात टाकला. तो गोड लागला नाही, पण त्यानं गिळला. तिला खरं सांगावं असं त्याला फार वाटलं. पण खरं सांगितलं की पॅन जाणार, म्हणून तो अंगणात जाऊन उगाच सायकलची हवा तपासत बसला.

कारखान्यात त्याच दिवसांत दुसरं एक यंत्र शिकत होतं. पुण्याहून आलेला स्वयंचलित पॅनमन. त्याला थंड खोली लागायची, तो नुसता बघत बसायचा आणि सगळे त्याची सरबराई करायचे. म्हणून कामगार त्याला जावई म्हणायचे. पॅनमध्ये बसवलेल्या कांड्यांतून त्याला मालाची दाटी कळायची. पण कांडीचं कोणतं मोजमाप म्हणजे ब्याण्णव, हे त्याला पॅनमनच्या बोलण्यावरून शिकायचं होतं. दहा वर्षांची पाळीपत्रकं त्याला खायला घातली होती. फेब्रुवारीपासून तो तीन नंबरचा पॅन स्वतः चालवणार होता. भूपाल शेजारी उभा राहणार, काही चुकलं तर बघायला.

तो दिवस भूपालला दिसलाच नाही. त्याच्या आदल्या सकाळी तो उठला तो दात वाजवतच. पाठीत दोन्ही बाजूंनी कुणी मुसळ घातल्यासारखी कळ. ताप एकशे तीन. हात इतके थरथरत होते की पाकीट फुटेना.

शालननं मार्था सिस्टरना फोन लावला आणि तो खिडकीत टेकवून ठेवला.

"हात धुतले का, बाई? घाबरू नका. त्यांना आडवं करा. फक्त नळीचं आत जाणारं टोक धरू नका."

"सिस्टर, मला न्हाई जमायचं."

"जमतंय. अडकली की थांबा. भाऊ, तुम्ही श्वास घ्या, मोठा. तुम्हीच सांगा त्यांना, आत काय लागतंय ते."

"थांब," भूपाल डोळे मिटून म्हणाला. "जरा थांब. आता... आता सोड पुढं."

लग्नाच्या तीस वर्षांत त्यांनी एकमेकांकडे इतक्या उजेडात कधी पाहिलं नव्हतं. शालनचा हात मात्र हलला नाही. धार लागली, गढूळ आणि वास मारणारी, आणि लागतच राहिली. ती संपल्यावर शालननं सवयीनं भांडं डोळ्यांच्या रेषेत धरलं आणि सवयीनंच मोठ्यानं वाचलं.

"सहाशे नव्वद."

मग तिनं नळी लावायच्या आधी फोनवर आलेला आकडा पाहिला. पट्टी म्हणत होती, चारशे साठ.

तिनं भांडं पुन्हा वाचलं. खिडकीतल्या फोनवरून सिस्टर विचारत होत्या, काय झालं, बाई? किती निघाली?

"तुम्ही हिला काय सांगितलंय?" शालननं नवऱ्याला विचारलं.

भूपालनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"माझ्या डेअरीत लोकं दुधात पाणी घालत्यात. मी समजून घेते, घरात पोरं असत्यात त्यांच्या. पण तुम्ही मला पेढे वाटायला लावलासा. मी सगळ्या गल्लीला सांगितलं, माझा माणूस बरा व्हायलाय म्हणून." तिनं भांडं खाली ठेवलं. "खोटं माप माझ्या हातात दिलासा, आणि मी 'बरोबर' म्हणत बसले."

या वाक्यापुढं पाठीतली कळ काहीच नव्हती. भूपाल रडला, आणि रडताना त्याला फार हलकंही वाटलं.

हॉस्पिटलात नऊ दिवस गेले. जंतुसंसर्ग मूत्रपिंडांपर्यंत चढला होता; उजवं पुष्कळसं निकामी झालं, डावं वाचलं. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर दोन्ही गेली असती. मार्था सिस्टरनी पट्टीचं शिकलेलं सगळं पुसून टाकलं आणि त्याला पहिलीच्या मुलाला समजावतात तसं समजावलं. "तुम्ही तिला सहाशेला चारशे म्हणायला शिकवलंत. ती तेच म्हणत राहिली. बिचारीची काय चूक?"

पुन्हा साठ आकडे. या वेळी घरी, मोरीचं दार उघडं ठेवून. भूपाल वाचायचा, शालन बाहेरून वाकून बघायची आणि म्हणायची, "बरोबर." एवढाच शब्द. त्याखेरीज पहिला आठवडा तिनं त्याच्याशी धड बोलणंही केलं नाही. घड्याळ बघून दर तीन तासांनी काढलं की चारशेचा आकडा येतच नाही, हे त्याला त्याच दिवसांत कळलं. इतकं साधं होतं. फक्त दर तीन तासांनी उठायला हवं होतं.

तो कामावर परत गेला त्या सकाळी तीन नंबरच्या पॅनपाशी गर्दी होती. मोहिते मॅडम, थंड खोलीतला पुण्याचा इंजिनिअर, कार्यकारी संचालकसुद्धा. पॅन बसला होता. आतला माल दगडासारखा, उतरायचं नाव नाही. गरम पाणी आणि वाफ सोडून माणसं तो विरघळवत होती. आठवड्यात ही तिसरी खेप. खाली उसाच्या गाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली होती.

"कांड्या तपासल्या, सगळं ठीक आहे," इंजिनिअर सांगत होता. "आमचं यंत्र बरोबर ब्याण्णवला थांबतंय. तुमच्याच पॅनमननी दहा वर्षं सांगितलेलं ब्याण्णव."

भूपालनं नळीतून निघालेला एक चिकट गोळा उचलला. बोटांत चोळला. बोटं सुटेनात. चौऱ्याण्णव.

आणि त्याला ते कळलं. डोक्यात नव्हे, पोटात कळलं, पट्टीच्या जागी. ब्याण्णवला नव्वद म्हणायला शिकवलेला जावई 'ब्याण्णव' म्हणायचा तेव्हा आत चौऱ्याण्णव झालेले असायचे. त्याला मनात दोन मिळवायचे असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानं मोहिते मॅडमकडे पाहिलं. त्या बधिर होऊन उभ्या होत्या. गप्प राहिलं तर काय होईल? जावई परत जाईल, पॅन पुन्हा आपल्या हातात येईल. बोललं तर अठ्ठावीस वर्षं खोटे आकडे सांगितल्याचं कबूल करावं लागेल. आणि कशावरून कळलं, असं कुणी विचारलं तर ते दुसरंही. अंगावरच्या यंत्राला खोटं सांगणाऱ्याला उष्ण मजला कायमचा बंद, हेही त्या विम्याच्या नियमांत होतंच. त्याचा पाय हलायला लागला. तो जिन्यापर्यंत गेला, कठडा धरला, परत आला. पुन्हा गेला. कानात शालनचं वाक्य वाजत होतं.

"त्याची चूक न्हाई," तो मोठ्यानं म्हणाला.

सगळे वळले.

"जावयाची. आम्हीच त्याला खोटं शिकवलंय. आम्ही सगळे दोन कमी सांगतोय, पहिल्यापासनं. मॅडम मनात दोन धरत्यात. ह्याला कोण सांगणार?"

कार्यकारी संचालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हे तुम्हाला आज कसं सुचलं, मगदूम? तीन खेपा पॅन बसल्यावर?"

भूपालनं शर्ट वर केला. ओटीपोटावरची पट्टी सगळ्यांना दिसली.

"कारण मी हिलाबी तेच केलं. मला नळी घालून लघवी काढावी लागतीय. सहाशे निघाली तर चारशे सांगायचो, माझं नाव लाल होऊ नये म्हणून. ही शिकली. एक मूत्रपिंड गेलं माझं." त्यानं शर्ट खाली घेतला. "मला काट्यावर घाला. पण आधी ह्याला कुणीतरी खरं सांगा."

मग मोहिते मॅडम पुढं आल्या.

"मगदूमांना काट्यावर घालायचं तर मलाही घाला, साहेब. नऊ वर्षं मी नव्वद लिहून ब्याण्णव धरतेय."

त्या दिवशी बंद खोलीत बराच वेळ चर्चा झाली. भूपाल बाहेर बाकावर बसला, उठला, बसला. शेवटी साहेब बाहेर आले. जावयाला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं ठरलं होतं, साठ पॅन, खऱ्या आकड्यांवर. आणि कारखान्यात भूपालच्या बोटांइतकी खात्रीची बोटं दुसरी नव्हती. विमा कंपनीनं एक अट घालून होकार दिला होता. हंगामभर त्याचा आकडा चारशेच्या वर एकदाही जाता कामा नये.

भूपालनं मनात हिशोब केला. पॅन चढून उतरायला चार-पाच तास. म्हणजे प्रत्येक पॅनला, मध्येच, जागा सोडावी लागणार. काटा सोपा होता याच्यापेक्षा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला जागल्या थरथरला. तीनशे साठ. पॅनमध्ये दाणा नुकता धरला होता, काचेमागं बारीक चमकत होता. भूपाल एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. आणखी दहा मिनिटं चाललं असतं. पंधराही. उस्तादाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि त्याबरोबर हेही आठवलं की उस्ताद साठीच्या आतच गेला होता, मूत्रपिंडाच्या विकारानं. तेव्हा कुणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं.

त्यानं हातातली, माल उजेडात बघायची काचपट्टी फडक्यानं पुसली आणि मोहिते मॅडमपुढं धरली. एवढ्या वर्षांत त्यानं ती दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नव्हती.

"दहा मिनिटं सांभाळा, मॅडम. दाणा बारीक हाय अजून, पाक सावकाश सोडा. मी नळी घालून येतो."

खालच्या माणसांनी ऐकलं. एकानं मान वर केली, 'बरं' म्हटल्यासारखी हलवली आणि आपल्या कामाला लागला.

भूपाल जिना उतरला, न पळता. हात धुतले. अडलं तिथं थांबला, श्वास सोडला. भांडं खिडकीच्या उजेडात डोळ्यांच्या रेषेत धरलं, शालन धरते तसं.

"तीनशे ऐंशी," त्यानं घड्याळाला सांगितलं.

तो हात पुसत होता तेव्हा खिशातला फोन वाजला. शालनचा निरोप होता. त्यानं सांगितलेला आकडा तेवढा तिच्या फोनवर गेला होता; भांडं तिनं पाहिलं नव्हतं, पाहणं शक्यच नव्हतं. ती नऊ मैलांवर दुधाच्या केंद्रात होती. निरोपात एकच शब्द होता.

बरोबर.

त्यानं फोन खिशात ठेवला आणि तो पुन्हा जिना चढायला लागला.